उधार आणि उद्धार

नागपुराहून वर्ध्याच्या रस्त्याने निघाले की सुमारे ५० किलोमीटरवर केळझर लागते. टेकडीवर सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. विदर्भातल्या अष्टविनायकांत त्याची गणना होते. गावाचे जुने नाव एकचक्रानगरी, आणि भीमाने बकासुराला मारले ते इथेच, असे इथली माणसे अभिमानाने सांगतात. हा मान आपल्याकडे ओढणारी गावे महाराष्ट्राबाहेरही आहेत. पण मी वर्ध्याच्या बाजूने बोलणारा माणूस असल्यामुळे त्या वादात पडत नाही. मला त्या कथेत भीमापेक्षा गाडाच अधिक लक्षात राहिला आहे. गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस, अशी त्या राक्षसाची पाळी असे. ज्याच्या घरी पाळी येई त्याने मुकाट्याने गाडा भरावा आणि निघावे.

हल्ली केळझरच्या फाट्यावर रविवारी सकाळी उभे राहिले, तर गाडे उलट्या रीतीने चाललेले दिसतात. घरून रिकामे निघतात आणि भरून परत येतात. कुणाची मोटारसायकल, कुणाची मोटार. जायचे बुटीबोरीला, नागपूरला, नाहीतर वर्ध्याला. संध्याकाळी परतताना मागच्या बाकावर तेलाचा डबा, पाच किलो साखर, एकावर एक फुकट मिळालेल्या साबणाच्या वड्या आणि झोपी गेलेले पोर. मोठ्या दुकानांना बकासुर म्हणण्याची वर्तमानपत्रांना सवय झाली आहे. मला ती उपमा पटत नाही. बकासुराकडे जाताना कुणी इस्त्रीचे कपडे घालून, बायकामुलांना घेऊन, हौसेने गेल्याचे महाभारतात लिहिलेले नाही.

या सदरातून एरवी मी शब्दांविषयी लिहितो. दिवाळी अंकात जागा जरा ऐसपैस मिळते, म्हणून यंदा शब्दांना बरोबर घेऊन दुकानात शिरावे म्हणतो. आणि दुकान तेही वाण्याचे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात रवा, बेसन, पोहे, साखर आणि तेल यांच्यापुढे घरात दुसरा विषय नसतोच.

आमच्या लहानपणी 'वाण्याकडे जाऊन ये' असे आईने म्हटले की 'किती पैसे नेऊ?' असे कुणी विचारत नसे. 'वही नेऊ का?' असे विचारत. पुढे 'वाणी' मागे पडला आणि 'किराणा' राहिला. किराणा या शब्दाच्या मुळाशी 'क्री', म्हणजे विकत घेणे, हा संस्कृत धातू आहे असे सांगतात. मग पाट्यांवर 'किराणा व जनरल स्टोअर्स' आले, 'प्रोव्हिजन' आले, आणि आता गावोगाव 'सुपर शॉपी', 'मिनी मार्ट', 'बझार' यांची चलती आहे. पाटी बदलली की मागोमाग काचेचे दार येते. दार आले की गिऱ्हाइकाने आत स्वतः हिंडायचे येते, आणि गल्ल्यापाशी पोहोचेपर्यंत यादीत नसलेल्या चार वस्तू टोपलीत जाऊन बसलेल्या असतात. पूर्वी माल आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये एक लाकडी फळी आणि एक माणूस असे. तो माणूस डाळ काढून देताना 'ही नका नेऊ, परवा नवी येते' असेही कधी कधी सांगे. अर्थात नेहमी नाही.

केळझर ही काही मोठी पेठ नव्हे. तरीपण अशा गावातल्या दुकानदाराला आज एकाच वेळी चौघांशी लढावे लागते. शेजारी निघालेले नवे दुकान, तालुक्याचा म्हणजे सेलूचा बाजार, बुटीबोरी-नागपूरकडची मोठी दुकाने, आणि गिऱ्हाइकाच्या खिशातला फोन. त्यात रस्ता चौपदरी झाला. अंतर होते तेवढेच आहे. वेळ मात्र कमी झाला. रस्त्याने दोन्ही गावांचा फायदा होतो असे उद्घाटनाच्या भाषणात सांगतात. किराण्याच्या बाबतीत तो रस्ता पुष्कळ दिवस एकाच बाजूने वाहिला.

मोठ्या दुकानाला स्वस्त विकणे परवडते कसे, याचे मला बरेच दिवस कोडे होते. डीमार्टचे पहिले दुकान २००२ साली मुंबईत पवईला निघाले. त्याच्या स्वस्ताईचे गुपित फारसे झाकलेले नाही. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, सजावट बेताची, आणि माल पुरवणाऱ्याचे पैसे थोड्या दिवसांत चुकते. ज्याचे पैसे लवकर हाती पडतात तो भाव उतरवून देतो, हे इतवारीतल्या किराणा ओळीतला कोणताही ठोक व्यापारी सांगेल. समोरचे गिऱ्हाईक तर रोखीचेच. माल येतो त्या दाराशीही रोकड आणि जातो त्या दाराशीही रोकड. नुसता मोठेपणा पुरतो असे मात्र नाही. १९९७ साली चेन्नईत निघालेल्या 'सुभिक्षा'ची देशभर दीड हजारावर दुकाने झाली, आणि २००९ साली ती सगळी बंद पडली. २००१ साली सुरू झालेल्या 'बिग बझार'चा खेळ २०२२ साली आटोपला. मोठे दुकान बुडाले की त्याची बातमी होते. खेड्यातले बुडाले की फळ्या लागतात, आणि महिन्याभराने तिथे मोबाइल दुरुस्तीची पाटी दिसते.

केळझरात माझ्या ओळखीचे एक दुकान आहे. त्याच्या मालकांना मी काकाजी म्हणतो. ते मला सर म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला टोपी, कानावर बॉलपेन. त्यांच्या वडिलांनी दुकान घातले तेव्हा शेर आणि छटाक चालत. १९५८ पासून किलोग्रॅम येऊ लागला आणि १९६२ पर्यंत जुनी वजने कायद्याने गेली. काकाजींकडची मात्र गल्ल्याखालच्या खोक्यात अजून आहेत, आणि नातवंडे त्यांच्याशी दुकान-दुकान खेळतात. स्पर्धेमुळे गिऱ्हाईक बरेच कमी झाले असेल ना, असे मी एकदा सहज विचारले. ते हसले.

“नाही जी सर. गिऱ्हाईक कुठं कमी झालं? गर्दी पाहा ना तुमी. रोखीचं गिऱ्हाईक गेलं, उधारीचं राह्यलं. दुकान भरून हाय, गल्ला रिकामा हाय.”

स्पर्धेवरची इतकी नेमकी टीका मी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडूनही ऐकलेली नाही. पगारदार मंडळी, म्हणजे शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले कारकून, बुटीबोरीच्या कारखान्यांत जाणारी तरुण पोरे, यांच्या खात्यात एक तारखेला पैसे पडतात. ते घेऊन ती मंडळी मोठ्या दुकानात जातात. मीही जातो, त्यात लपवण्यासारखे काही नाही, दोन पैसे वाचतात. मागे राहतो शेतकरी आणि मजूर. शेतकऱ्याचे पैसे जूनमध्ये बियाण्या-खतात जातात. सोयाबीन निघते ऑक्टोबरच्या आगेमागे, कापूस घरात येऊ लागतो दिवाळीच्या सुमाराला. मधल्या चार-पाच महिन्यांत चहा, साखर, तेल, मीठ, साबण लागतोच. तो लिहिला जातो वहीत.

काकाजींनी मला एका पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला हिशेब करून दाखवला. साबण-बिस्किटे असल्या बांधीव मालात शंभराला आठ-दहा रुपये सुटतात. साखर-तेलात दोन-तीन सुटले तरी पुष्कळ. सरासरी सहा धरा. जूनमध्ये दिलेल्या मालाचे पैसे ऑक्टोबरात आले म्हणजे चार महिने झाले. दुकानात माल भरायला गावात पैसा उचलला तर दर शेकडा दोन, महिन्याला. चार दुणे आठ. मिळाले सहा, गेले आठ.

“म्हंजे शंभराचा माल इकून मी दोन रुपये वरून देऊन राह्यलो. अन् मार्टातल्या साखरेत अन् माह्या साखरेत तीन रुपयाचा फरक हाय, तं लोक म्हनतात काकाजी लुटते.”

पूर्वी हा खड्डा भरून कसा निघत असे? रोखीच्या गिऱ्हाइकाकडून. मास्तर महिन्याच्या महिन्याला चुकते करीत. त्या पैशावर नवा माल येई, आणि त्या मालातून शेतकऱ्याचे चार महिने निभत. मास्तरांनी साखरेला जे दोन-तीन रुपये जास्त दिले, त्यांतूनच पलीकडच्या आळीतल्या कुणाच्या तरी घरी पावसाळ्यात चहा होत होता. हे मास्तरांना ठाऊक नव्हते, आणि चहा पिणाऱ्यालाही नव्हते. कुणी कुणावर उपकार केले नाहीत, कुणी आभार मानले नाहीत. मास्तर नागपूरला जाऊ लागले तेव्हा त्यांना वाटले, आपण फक्त दुकान बदलतो आहोत.

इथे मला शब्दाकडे वळल्याशिवाय राहवत नाही. कर्ज हा शब्द आपल्याकडे अरबीतून, फारसीच्या वाटेने आला. त्याच्याबरोबर व्याज, तारण, मुदत असा सगळा लवाजमा आला. 'उधार' मात्र घरचा. तो 'उद्धार' या संस्कृत शब्दापासून झालेला आहे. वर काढणे, उचलून घेणे हा त्याचा मूळ अर्थ. पण संस्कृत कोशात याच शब्दाचा आणखी एक अर्थ दिलेला सापडतो, ऋण, आणि तेही विशेषतः बिनव्याजी ऋण. वर्गात हे सांगितले की मुले हसतात. त्यांना तो मास्तरांचा विनोद वाटतो. काकाजींना सांगितले तर ते हसले नाहीत. त्यांनी वही पुढे ओढली आणि म्हणाले, “मंग हे बिनव्याजीच हाय ना जी.”

पण म्हणून जुन्या वाण्याच्या दुकानावरून ओवाळून टाकावे असे मला मुळीच वाटत नाही. वहीत एकाचे दोन करणारे वाणी होते. तागडीखाली मेण लावणारे होते. उधार कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही हे दुकानदाराच्या मर्जीवर असे, आणि ती मर्जी माणसाची शेती पाहून, कधी जात पाहून ठरे. याच अविश्वासातून आपल्याकडे ग्राहकांच्या चळवळी उभ्या राहिल्या. १९४८ साली मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत जे सहकारी भांडार निघाले तेच पुढे 'अपना बाजार' झाले. १९७५ साली निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर मध्यमवर्गीय कुटुंबांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र आणून आपसांत वाटून घेण्याची रीत घातली. आमचा वर्धा जिल्हाही या बाबतीत मागे नव्हता. १९३४ साली इथल्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, आणि कुमारप्पांनी घाणीचे तेल, हातसडीचे तांदूळ आणि गूळ यांचे अर्थशास्त्र मांडले. खेड्यात पिकलेले खेड्यातच दळले, गाळले, विकले गेले तर पैसा खेड्यात फिरतो, असा त्यांचा मुद्दा होता. मगनवाडी इथून पंचवीसएक किलोमीटरवर आहे.

आणि काचेच्या दारामागे एक गोष्ट आहे जी फळीच्या अलीकडे कधी नव्हती. निंदणाला जाणारी एखादी बाई आत येते, तिच्या हाताने साबणाची वडी उचलते, हुंगून पाहते, परत ठेवते, दुसरी घेते. तिला कुणी 'मागचे किती राहिले?' असे चारचौघांत विचारत नाही. हे सुख रोखीने विकत घ्यावे लागते हे खरे; पण ते सुख आहे, आणि ज्याने फळीपाशी ताटकळत उधार मागितले आहे त्यालाच त्याची किंमत कळते.

स्पर्धेने भाव उतरतात असे पुस्तकात असते. कधी कधी भाव तिथेच राहतो आणि वजन उतरते. पूर्वी तेल, चहा, बिस्किटे अशा कित्येक वस्तू ठराविक मापांच्याच वेष्टनांत विकाव्या, असा वजनमापाचा नियम होता. २०२२ साली ते बंधन उठले, आणि त्याऐवजी दर ग्रॅमला किंवा किलोला किती पडते ते वेष्टनावर छापावे असे ठरले. लिटरभर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. आता त्याच ऐटीत उभी असलेली पिशवी हातात घेऊन नीट वाचा. कुठे ८५० ग्रॅम, कुठे ८००, कुठे ७५०. दर छापलेला असतो, पण तो वाचायला चष्मा आणि सवड दोन्ही लागतात, आणि रविवारच्या गर्दीत ढकलगाडी मागून टोचत असताना सवड कुठली! काकाजी चष्म्याशिवाय सांगतात: “ही साडेसातशेची हाय बाई, फसू नको.” हे सांगायला त्यांना कायद्याने बांधलेले नाही.

त्याच वर्षी, १८ जुलै २०२२ पासून, २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद आणि नावाची चिठ्ठी लावलेल्या डाळ-तांदूळ-पिठावर पाच टक्के कर लागला. पोत्यातून सुटे मोजून दिलेले मात्र मोकळे राहिले. आपल्या व्यापाऱ्यांची बुद्धी अशी की लगेच तांदळाची २६ किलोंची पोती बाजारात दिसू लागली. काकाजींना या कराने थोडा हात दिला. त्यांची तूरडाळ पूर्वीपासून पोत्यातच होती.

पण खरा प्रश्न वहीचाच आहे. तिची पाने चाळली म्हणजे या भागाचा शेतीचा इतिहास वाचायला मिळतो. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. त्या वर्षीच्या कित्येक खात्यांसमोर काकाजींनी बारीक अक्षरात 'अळी' एवढेच लिहून ठेवले आहे. २०२३ साली सोयाबीन पिवळे पडले. तिथे 'पिवळा' लिहिले आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत रस्ता बंद झाला, मोठ्या दुकानांकडे जाता येईना, आणि नागपूरला जाणारी मंडळी पुन्हा फळीपाशी येऊन उभी राहिली. त्यांतल्या काहींचे पगार थकले होते. त्यांची खाती उघडली गेली. बहुतेकांनी पुढे पैपैसा चुकता केला, आणि मग रस्ता उघडल्यावर पुन्हा रविवारी मोटार काढली. काकाजींच्या बोलण्यात त्याबद्दल राग नाही. “त्याहीचंही बरोबरच हाय,” म्हणतात, “पैसा कोनाले नको?”

त्यांचा मुलगा बी.कॉम. झालेला आहे. त्याला वडिलांची वही बघवत नाही. त्याने पुढच्या अर्ध्या भागात लोखंडी रॅक लावले, गल्ल्यावर संगणक आणला, भिंतीवर क्यूआर कोडचा कागद चिकटवला. मागच्या अर्ध्या भागात फळी, तागडी आणि वडील. एकाच छपराखाली दोन दुकाने, आणि त्यांच्यातली स्पर्धा नागपूरच्या स्पर्धेहून चिवट. “सर, तुम्हीच समजावून सांगा बाबांना,” तो मला म्हणतो. “वहीत अडकलेल्या पैशात दुसरं गोडाऊन झालं असतं. संगणकात पण खातं ठेवता येते. फक्त प्रत्येकाला मर्यादा घालायची. तेवढी भरली की मशीन बिलच काढत नाही.” त्याचेही खोटे नाही. दुकान बुडाले तर उधार कोण देणार आहे?

या मुलाने एक गोष्ट मात्र फार चांगली केली. नागपूरच्या मोठ्या दुकानाशी साबण-साखरेत आपण टिकणार नाही, हे त्याने लवकर ओळखले. म्हणून दाराजवळच्या एका फळीवर त्याने इकडचा माल मांडला. समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद, जिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी मानांकन मिळालेली भिवापूरची मिरची. गावातल्या बचत गटाच्या बायकांचे पापड, कुरडया आणि मुंगाच्या वड्या. गिऱ्हाईक कोण, तर सिद्धिविनायकाच्या दर्शनाला नागपुराहून आलेली मंडळी. ती रोख देतात, भाव करीत नाहीत, आणि वर 'इथे खरी हळद मिळते' असे चारचौघांना सांगतात. रस्ता आता थोडासा उलट्या बाजूनेही वाहू लागला आहे. त्या फळीवरची रोकड संध्याकाळी मोजली जाते, आणि मुलाच्या नकळत तिच्यातला काही भाग मागच्या दुकानात मुरतो, असा माझा अंदाज आहे. नकळत हा शब्दही कदाचित बरोबर नसेल. मागच्या खेपेला मी त्या मुलाला एका म्हाताऱ्या बाईचे बिल संगणकावर न घालता हळूच वडिलांकडे ढकलताना पाहिले.

यंदाच्या लक्ष्मीपूजनाला पाटावर काय मांडायचे यावर त्या घरात सध्या बोलणी चालू आहेत. मुलाचे म्हणणे, संगणकाला हळदकुंकू लावावे. सूनबाईचे म्हणणे, दोन्हींना लावावे, हळद घरचीच आहे. काकाजी काहीच म्हणत नाहीत. त्यांनी इतवारीतून लाल कापडी बांधणीची नवी वही आणवून ठेवली आहे. तिचे पहिले पान 'श्री' साठी कोरे सोडले आहे, आणि दुसऱ्या पानापासून जुन्या बाक्या उतरवायला घेतल्या आहेत. रक्कम, नाव, आणि कडेला त्याच बारीक अक्षरात 'अळी'.